नाल्याकडचा कोपरा

माघातली सकाळ. दुधाचे कॅन टेम्पोत चढवून रत्ना घरी आली, उभ्यानंच चहा प्याली आणि कमरेला कोयता खोचून माळाकडे निघाली. किकवीच्या मागच्या डोंगरातल्या त्या वाडीत आज गवत पेटवायचं होतं.

पूर्वी उन्हाळ्यात कुणीही काडी ओढायचा आणि अख्खा डोंगर काळा करून ठेवायचा. होता होता नुसतं कुसळ माजलं, जनावरं तोंड लावीनात. तेव्हा वाडीनं शहाणपणा केला. माळाचे पट्टे पाडले. दरसाल एकच पट्टा जाळायचा, त्याच्या भोवतीचं गवत आधी कापून आग अडवायची मोकळी वाट काढायची आणि बाकीच्या पट्ट्यांत पाळीपाळीनं जनावरं सोडायची. पवन्या, मारवेल ही चाऱ्याची गवतं परतली, पावसाच्या शेवटी सोनकीही फुलायला लागली. यात सगळ्यांच्या पुढं असायचा तो रत्नाचा नवरा कुमार. तो गेल्यावर त्याच्या वाटणीचं कापायचं काम रत्नाच करत आली. कापताना तिचं बिनकुंकवाचं कपाळ कुणाच्या डोळ्यांत खुपलं नाही. कष्टाला कसला आलाय विटाळ!

नाल्याकडच्या कोपऱ्यात वारा गरकन वळतो. ठिणगी पलीकडे उडाली की झोडपून विझवायला हवी, म्हणून निरगुडीच्या ओल्या फांद्या घेऊन रत्ना तिथं उभी राहिली. तेवढ्यात वाडीचे वडीलधारे मानसिंगअप्पा नारळ घेऊन वर आले. तिला बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"रत्ना, तू खाली जा. पहिल्या आगीवर विधवा बाईची नजर पडू द्यायची न्हाई. रीतच हाय ती."

"आन् हा कोपरा कोण बघंल, अप्पा?"

"म्या बघतो, वैनी," तिचा दीर संजय म्हणाला. "तुमी जावा निवांत."

रत्ना लग्न होऊन आली तेव्हा हा संजय शाळेत होता. त्याचे डबे तिनं भरले, तापात त्याच्या उशाशी ती बसली. त्याच्या शब्दावर संशय घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. फांद्या त्याच्या हातात देऊन ती खाली उतरली.

अंगणात पोचते न पोचते तोच धूर भलत्याच बाजूला दिसला. नाल्यापलीकडे राहणाऱ्या गेनबाची गवताची गंजी धडधडत होती. सगळी वाडी धावली, रत्नाही धावली. आग आटोक्यात यायला दुपार झाली. तोवर गेनबाचा गोठा गेला होता आणि गाभण म्हैस दाव्यालाच जळाली होती. गेनबा तिच्याजवळ बसून लहान पोरासारखा रडत होता.

कोपऱ्यात निरगुडीच्या फांद्या तशाच पडल्या होत्या, एकीलाही राखेचा डाग नव्हता. ठिणगी उडाली तेव्हा संजय वरच्या खडकावर चढून मोबाईलवर आगीचं चित्रण करत होता. ते त्यानं स्वतःच सगळ्यांना पाठवलं होतं.

संध्याकाळी देवळात बैठक बसली. आग का सुटली, याचा निवाडा मानसिंगअप्पांनी बसल्या बसल्या केला. बाई वर आली म्हणून सुटली. रत्नाची जनावरं यंदा माळावर यायची नाहीत. चुकलं म्हणाली आणि पुन्हा वर पाय ठेवणार नाही म्हणाली, तर बघू.

रत्नाच्या घराची चूल दोन गाईंवर चालत होती.

"भावजी," ती संजयला म्हणाली, "कोपऱ्यात कोण व्हतं, तेवढं सांगा."

सगळ्यांच्या खिशात ते चित्रण होतं. कुणी खिशात हात घातला नाही. संजयनं मान खाली घातली.

"तुमी वर यायलाच नको व्हतं, वैनी."

परक्याचा मार सोसता येतो हो. पण ज्याला आपल्या ताटातला घास दिला, त्यानं असा पाठीत वार करावा?

दिवेलागणीला संजय गोठ्यापाशी आला. "वैनी, गावापुढं तोंड उघडंना माझं. तुमच्या गाया माझ्या नावावर सोडू. कुणी हूं का चूं करनार न्हाई."

सासू फुलाबाई, तिनंही विधवेचा जन्म काढलेला, दारातून म्हणाली, "घे पदरात पाडून, रत्ना. म्याबी अशीच वाकत आले."

गव्हाण रिकामी होती. हो म्हटलं असतं तर गाई पोटभर चरल्या असत्या. रत्नानं डोळे पुसले.

"तुमी वाकलात, आत्या, म्हणून ते माझ्यापातुर आलं. भावजी, गावापुढं खरं सांगा, न्हाईतर परत या दारात येऊ नका."

सकाळी तिनं गाई सोडल्या आणि उघड्या वाटेनं माळाकडे हाकल्या. चराईच्या पट्ट्याच्या तोंडाशी पुरुष बसले होते. संजय काठी आडवी धरून उभा होता.

"मागं फिर," मानसिंगअप्पा म्हणाले.

"चुकले न्हाई म्या," रत्ना म्हणाली. "माझ्या हातचा कोपरा तुमी रिकामा केलात, अप्पा. मग तिथं कोण उभं व्हतं, ते ह्या गेनबाला सांगा आन् खुशाल अडवा."

मग गेनबा उठला आणि संजयच्या समोर जाऊन उभा राहिला.

"तूच म्हणला व्हतास ना, म्या बघतो म्हणून? मग कुठं व्हतास रं?"

काठी आडवीच राहिली. रत्ना तिच्याखालून वाकून गेली नाही. तिनं दोन्ही हातांनी ती बाजूला सारली आणि गाई माळावर घातल्या.