साक्षीला गेलेला ऑक्सिजनचा पंप

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पाण्याचा नव्हे, हवेचा. खोलीतली साधी हवा मी आत ओढतो, तिच्यातला ऑक्सिजन निवडून काढतो आणि बारीक नळीतून आजारी माणसाच्या नाकापर्यंत पोचवतो. उंचीला मी तुमच्या कमरेएवढा. तळाला चार चाकं आहेत, पण माझा जीव भिंतीतल्या विजेवर असल्यामुळे चाकं असूनही मी फारसा कुठे गेलो नाही. जिथे वायर पोचते तिथेच माझं जग संपतं. एकदाच काय तो मोठा प्रवास घडला. तो सांगायचा आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका बाईने माझ्या पोटात पांढऱ्या खड्यांनी भरलेले डबे बसवले, बटण दाबलं आणि माझ्या पत्र्याला कान लावून म्हणाली, "मस्त घोरतोय की!" माझी पहिली शाबासकी तीच. पुढे काही आजारी माणसांची घरं पाहिली. एक-दोघं बरी झाली, बाकीची नाहीत. शेवटी अमेरिकेतल्या टेनेसीच्या डोंगरांमधल्या एका चर्चच्या तळघरात मला ठेवलं. तिथून ज्याला गरज असेल त्याला कुबड्या, चाकाच्या खुर्च्या आणि मी, असे उसने मिळत असू.

तसाच मी होबार्ट ओव्हरबीच्या घरी आलो.

होबार्ट म्हणजे उंच, हाडापेराने मोठा म्हातारा. तरुणपणापासून त्याने तिथल्या दरीतल्या बाँबच्या कारखान्यात धातू कातायचा लेथ चालवला होता. तिथे अणुबाँबचे भाग बनत, आणि त्यासाठी बेरिलियम नावाचा एक करडा, हलका धातू लागे. त्याची पूड नाकातून छातीत जाते, तिथे वर्षानुवर्षं गप्प पडून राहते आणि माणूस म्हातारा झाला की फुप्फुसं आवळायला लागते. होबार्टची तशी आवळली होती. डॉक्टरांनी सांगितलं, आता उठता-बसता ऑक्सिजन हवा.

पहिल्या दिवशी त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसा कैदी नव्या पहारेकऱ्याकडे पाहतो.

"हा डबा रात्रंदिवस असाच घुरघुरणार का?" त्याने बायकोला विचारलं.

"तू चाळीस वर्षं घोरलास, मी कुणाकडे तक्रार केली?" मॉडीन म्हणाली आणि त्याच्या कानांवरून नळी नीट अडकवली.

माझी नळी स्वयंपाकघरातल्या टेबलापर्यंत पोचायची, न्हाणीघरापर्यंत पोचायची आणि मागच्या जाळीच्या दारापर्यंत कशीबशी पोचायची. दारापलीकडे पायऱ्या, आणि पायऱ्यांपलीकडे होबार्टचे टोमॅटो. तो रोज सकाळी त्या दारापर्यंत जाई. नळी ताणली जाई आणि नाकाला ओढ बसे. मग तिथेच जाळीला कपाळ टेकवून तो वेलींकडे बघत राही. मॉडीन बाहेर पाणी घालत असली की आतून ओरडे, "खालच्या फांद्या छाट! पिवळ्या पडल्यात, दिसत नाहीत का तुला?"

"दिसतात बाबा, दिसतात. ये आणि तूच छाट!" असं ती बोलून जाई आणि मग तिचंच तोंड एवढंसं होई.

एकदा रागाच्या भरात त्याने मला लाथ मारली. माझ्या पत्र्याला पोचा आला, तो अजून आहे. मला राग नाही आला. आम्ही दोघंही बांधलेलेच होतो, मी भिंतीला आणि तो मला.

पण त्याला बांधणारी माझ्याहून चिवट दुसरी एक दोरी होती. ती मला नंतर समजली. कारखान्यात लागताना त्याने शपथ घेतली होती, की आत काय चालतं ते बाहेर कुणालाही, अगदी बायकोलासुद्धा सांगणार नाही. बोललास तर तुरुंग. त्याने ती शपथ अशी पाळली की मॉडीनला एवढंच ठाऊक होतं, नवरा 'कामाला' जातो आणि 'कामावरून' येतो.

पुढे सरकारने कायदा केला. बाँब बनवताना जे आजारी पडले त्यांना भरपाई आणि औषधपाणी मिळू लागलं. जिथे बेरिलियम कातत त्या पहाऱ्याच्या इमारतीतल्या लेथवाल्यांच्या यादीत होबार्टचं नाव होतंच, त्यामुळे त्याला काही न बोलता भरपाई मिळाली. नवा पंपही मिळत होता. पण मॉडीन म्हणाली, "राहू दे. ह्याच्या आवाजाची सवय झालीय मला." मित्रांनो, ते ऐकून मला काय वाटलं म्हणून सांगू!

रूफस टिलरीला मात्र भरपाई मिळाली नाही.

रूफस त्याच इमारतीत झाडू मारायचा. तो काळा आणि होबार्ट गोरा. त्या काळी कारखान्यात दोघांची पाण्याची तोटी वेगळी, जेवायची टेबलं वेगळी. हवा मात्र एकच होती. म्हातारपणी दोघं छातीच्या डॉक्टरांकडे शेजारी शेजारी बसले आणि तिथून रूफसचं घरी येणं-जाणं सुरू झालं. कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याचा पाव, आणि घेवड्याची उसळ खाता खाता दोघं आळीपाळीने खोकत.

"कोण जास्त जोरात खोकतं, पैज लावायची का मिस्टर होबार्ट?" रूफस म्हणे. इतकी वर्षं गेली तरी तो त्याला 'मिस्टर' आणि 'तुम्ही'च म्हणे. होबार्ट त्याला नुसतं 'रूफस' म्हणे, 'अरे-तुरे' करे. दोघांनाही त्यात काही खटकत नसे, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

एका दुपारी रूफस आला तो टोपी हातात चुरगळतच. "ते भरपाईवाले म्हणतात, मी त्या इमारतीत कधी पाऊलच टाकलं नाही. मी आवारात गवत कापायचो म्हणे. सुनावणी आहे, मिस्टर होबार्ट. मला आत पाहिलेला कुणी जिवंत माणूस हवाय. तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही."

होबार्टचा चेहरा दगडासारखा झाला. "मला बोलता येणार नाही."

"आता बोललं तर चालतं. भरपाई खात्याच्या बाईंनीच सांगितलं फोनवर."

"जन्मभर 'बोललास तर तुरुंग' म्हणाले, आणि आता 'बोला आजोबा' म्हणतात होय? उद्या परत फिरले तर? आणि ह्या डब्याला सोडून मी जाणार कसा?"

 रूफस उठला आणि हळूहळू पायऱ्या उतरून गेला. त्याला प्रत्येक पायरीवर थांबावं लागत होतं. होबार्ट जाळीच्या दाराशी नळी ताणून उभा राहिला आणि ते बघत राहिला. बराच वेळ. मग तो वळला आणि मॉडीनला म्हणाला, "डार्लीनला सांग, ट्रक घेऊन ये. डबासुद्धा न्यायचाय."

डार्लीन ही त्यांची मुलगी. सुनावणीच्या दिवशी तिने मला तिच्या छोट्या ट्रकमध्ये मागच्या बाकावर पट्ट्याने बांधलं, शेजारी रूफस बसला, पुढे होबार्ट आणि मॉडीन. वाटेपुरता होबार्टला ऑक्सिजनचा एक लहान सिलिंडर उसना मिळाला होता. उन्हातली झाडं, नदी, पूल, सगळं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं; एरवी मला खोक्यात घालूनच नेत.

सुनावणी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत होती. खात्याकडून आलेल्या बाई तरुण होत्या, वागायला सभ्य होत्या. बोलणं टिपून घेणारं यंत्र त्यांनी टेबलावर ठेवलं. पण आमचा नंबर यायला उशीर झाला, सिलिंडर संपत आला आणि डार्लीनने माझी वायर भिंतीत खोचली. मी नेहमीसारखा घुरघुरायला लागलो.

बाई संकोचून म्हणाल्या, "माफ करा, पण रेकॉर्डिंगमध्ये फक्त घरघरच येतेय. साक्ष स्पष्ट यायला हवी."

होबार्टने माझ्याकडे पाहिलं. मग वाकून हात लांबवला आणि माझं बटण बंद केलं.

"बाबा!" डार्लीन किंचाळली. त्याने तिला हाताने थांबवलं.

मित्रांनो, मी यंत्र आहे. बटण बंद झालं की मला काही करता येत नाही. चाकं होती, खड्यांनी भरलेलं पोट होतं, वीज हाताशी होती, आणि मी नुसता उभा होतो.

"मी होबार्ट ओव्हरबी," तो बोलू लागला. "आत बेरिलियमवर लेथ चालवायचो. रोज पाळी सुटताना मिस्टर टिलरी आत यायचे."

रूफसने मान वर केली.

"दारावरचा पहारेकरी आमची नावं विचारून वहीत लिहायचा. मिस्टर टिलरींना नुसता हात करून आत सोडायचा. नाव विचारायचाच नाही. माझ्या लेथखाली पूड साचायची... ती ते झाडायचे. कोरड्या झाडूने. आम्हाला तोंडाला बांधायला फडकी तरी होती... त्यांना तीही नाही. दिव्याखाली ती पूड चमकायची." तो थांबला. त्याचे ओठ जांभळे पडत होते. "मी जे श्वासातून घेतलं... ते त्यांनी माझ्याहून जास्त घेतलंय. माझं खरं असेल... तर त्यांचंही खरंच आहे."

"बास, होबार्ट!" मॉडीनने माझं बटण दाबलं. पण मित्रांनो, बंद पडल्यावर पुरेसा ऑक्सिजन द्यायला मला थोडा वेळ लागतो. तो थोडा वेळ मी जीव तोडून घुरघुरलो. होबार्टचं डोकं टेबलावर टेकलं होतं आणि रूफस त्याची पाठ चोळत होता. हळूहळू त्याच्या ओठांवर रंग आला.

बाईंनी टिपणारं यंत्र बंद केलं नव्हतं. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "पंप चालू राहू द्या. आवाज आला तरी चालेल."

"होबार्ट," रूफस म्हणाला, "तू ठार वेडा आहेस."

खोलीतल्या दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. होबार्टच्या मात्र आलं. तो हसायला गेला आणि खोकला.

परतीच्या वाटेवर मॉडीन खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "तुझे शर्ट मी अंगणात झटकायचे, धुण्याआधी. तेव्हाही चमकायचं काहीतरी. मला वाटायचं, लोखंड असेल."

होबार्टने तिचा हात धरला.  त्या दिवसापासून तो तिला सांगू लागला. लेथ कसा होता, कोण जवळ उभं राहायचं, कशाची भीती वाटायची. हिवाळाभर तो सांगत होता आणि ती ऐकत होती. थंडी सरण्याआधी, एका सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला. मी त्यानंतरही ऑक्सिजन देत होतो. कुणीतरी बंद करेपर्यंत मला दुसरं काही येत नाही.

मॉडीनला घर इतकं शांत सोसेना. दुपारी ती मला सुरू करून शेजारी शिवणकाम घेऊन बसे. नळीचं टोक रिकाम्या खुर्चीवर असे. मे महिन्यात रूफस आला, दारातूनच म्हणाला, "मानलं त्यांनी." दोघं स्वयंपाकघरात बसून रडले. रूफसला सरकारने नवा, आवाज न करणारा पंप दिला. मॉडीनच्या छातीचा फोटो काढून घ्यायला डार्लीन तिला शहरात घेऊन गेली. फोटोत काय निघालं ते मला कळलं नाही, कारण त्याआधीच मी चर्चच्या तळघरात परत आलो.

इथे माझ्या जाळीवर धूळ बसली आहे. माझी जाळी आठवड्याला धुवावी लागते, नाहीतर मला हवा ओढता येत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर तेवढं करा, आणि वापरून झालं की पुसून पुढच्या माणसाला द्या.

आणि तुमच्या घरात कामावरून येऊन गप्प बसणारं कुणी असेल, तर त्याच्याजवळ बसा. दिवसभर कुठे होता, काय हाताळलं, कुठली हवा घेतली, ते विचारा. पहिल्या दिवशी सांगणार नाही, दुसऱ्या दिवशी विचारा. मित्रांनो, हे विचारायला, मी तुमच्या घरी यायची वेळ येईपर्यंत थांबू नका.