मेणात जपलेला सुगंधाबाईचा कण

मित्रांनो, मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे. चर्चमधल्या मेणबत्तीचा चुलत भाऊ म्हणा, पण माझ्या नशिबी ज्योत नव्हती. माझ्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढा मांसाचा कण आहे. तो मालवणजवळच्या मसुऱ्याच्या सुगंधाबाईचा.

सुगंधाबाई मासे विकायची. पाळी जाऊन सहा वर्षं झाल्यावर तिच्या अंगावरून पुन्हा रक्त जाऊ लागलं. लाजेपायी तिने ते वर्षभर लपवलं. २००० सालच्या डिसेंबरात घाटावरच्या एका रुग्णालयात तिच्या गर्भाशयाच्या मुखाचा कण काढला, तो मेणात बसवून मला नंबर दिला. कर्करोग निघाला. किरणांचे पंचवीस शेक घ्यायचे ठरले, मध्ये खंड न पाडता.

आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा पंचांग बघून ठरत नाही. देवी कौल देईल तो दिवस. सुगंधाबाईचे तेरा शेक झाले आणि तारीख ठरली. तिची लेक संजना हिने फोन करून आईला बोलावलं. रक्ताचा रिपोर्ट न्यायला आलेली सुगंधाबाई आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी थांबली. "चार दिसांनी येतंय गो. ओटी भरूचीच आसा."

आमच्याकडची आया कृष्णाबाई फोंडाघाटची, तोंडाची फटकळ. "देवी थंयच आसतली. तुझे शेक काय तुझो घोव घेतलो?"

सुगंधाबाई हसली आणि गेली. चाराचे अकरा दिवस झाले. रक्त थांबलं होतं, तिला बरं वाटत होतं. परत येऊन उरलेले शेक तिने घेतले.

मी कपाटात पडून राहिलो. २००८ साली डॉक्टर जॅनेट यांनी मला बाहेर काढलं. त्याही मालवणकडच्याच. माझे केसाहून पातळ काप काढून त्यांनी रंगवले. गाठीत काही प्रथिनं असली की ती तपकिरी दिसतात. कुठली गाठ शेकाला दाद देईल आणि कुठली नाही, हे त्यांवरून आधीच कळेल का, याचा त्या शोध घेत होत्या. माझे काप गडद तपकिरी झाले, म्हणजे गाठ शेकाला दाद न देणारी असावी. मला शरम वाटली.

आता बाई किती वर्षं जगली, तेही लिहायचं होतं. जॅनेटबाईंनी मसुऱ्याला फोन लावला. कपाट उघडंच होतं, म्हणून मी सगळं ऐकलं.

"आवस तिसऱ्या वर्साक गेली," संजना म्हणाली. मग हळूच, "जत्रेक ये म्हणान मियाच बोलावलंय. त्येच्यामुळे गेली काय वो ती?"

जॅनेटबाईंनी चष्मा काढला. "गाठ आधीपासूनच चिवट होती गो. खंड पडलो तोय बरो नाय झालो. कित्यामुळे किती, ता माका सांगूक येणा नाय. पण तू तिका मायेन बोलावलंस."

पलीकडे संजना रडत होती. जॅनेटबाईंनी फोन ठेवला नाही. रडू ओसरल्यावर विचारलं, "तू कधी तपासून घेतलंस?"

"नाय."

"मगे ये. मी हयच आसंय."

संजना येईल का, मला ठाऊक नाही. मी वाट बघतो आहे.

मित्रांनो, माझ्यातला रंग सुगंधाबाईच्या कामी आला नाही, सात वर्षं उशीर झाला. देवी भक्तासाठी थांबते, रोग थांबत नाही. नवस जरूर फेडा, पण उपचार मोडून नको. आणि आज घरी गेल्यावर आईला, आजीला जवळ बसवून विचारा, काही दुखतंखुपतं का, काही लपवत्येस का. ती म्हणेल, "काय नाय रे." पुन्हा विचारा.