आत्याच्या मशीनवरच्या खाचा

लहानपणी ती इतके प्रश्न विचारायची की आत्यानं तिचं नाव चौकशीबाई ठेवलं, आणि मोठेपणी तिला नोकरी मिळाली तीही त्याच खोडीवर. शिलाई मशीनच्या कंपनीतर्फे लोकांच्या घरी जायचं, त्यांना काय हवं ते विचारायचं आणि त्यावरून योजना आखायची, हे तिचं काम. योजना तिनं खरंच चांगली आखली होती, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. मशीन विकायचं नाही, वापरायला द्यायचं. बिघडलं की त्याच दिवशी दुसरं हजर. जुनं कारखान्यात खोलायचं, झिजलेले भाग बदलायचे आणि घासूनपुसून पुढच्या घरी पाठवायचं. भंगारात काही म्हणजे काही जायचं नाही.

पहिलं गिऱ्हाईक तिनं आत्यालाच केलं. आत्या चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवत होती. भावाच्या आईवेगळ्या मुलीला तिनं त्याच शिवणावर वाढवलं, शिकवलं. मशीन कुरकुरायला लागलंय हे खरं, पण माझंच दुरुस्त करून दे, असं तिचं म्हणणं होतं. भाचीनं समजूत घातली की बदली मिळेल ते त्याच बनावटीचं, त्याच रंगाचं असेल, फरक कळायचासुद्धा नाही. मग कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलंस ते वाचून दाखव, असं आत्या म्हणाली, तेव्हा तिनं हसत हसत वाचलं, "नकाराचं कारण: भावनिक." आत्याही हसली आणि मशीन देऊन मोकळी झाली. भाचीचा शब्द मोडणं तिला कधी जमलंच नव्हतं.

पुढच्या तीन आठवड्यांत आत्यानं तीन मशीनं परत पाठवली. शिवण वाकडी जाते, ही एकच तक्रार. कारखान्याचा मिस्त्री दर वेळी तपासून लिहायचा की दोष नाही. ऑफिसात साहेब म्हणाले, हा तर घरचा आहेर. सगळे हसले, आणि चौकशीबाई कान लाल करून आत्याकडे निघाली.

टेबलावर एक अर्धवट कोट पडला होता. त्याची एक बाही शिवून झाली होती, आणि ती चक्क तिरकी होती. आत्याच्या हातून असली शिवण गेलेली तिनं जन्मात पाहिली नव्हती. तिनं स्वतः मशीनवर बसून एका चिंधीवर टीप मारून पाहिली. टीप सरळ गेली.

"मशीन चांगलं आहे गं, आत्या."

"मग मीच बिघडले असेन," असं म्हणत आत्या कात्री शोधू लागली. कात्री समोर, खिडकीच्या उजेडात पडली होती. आत्याचा तळवा मात्र टेबलाच्या कडेकडेनं चाचपत होता. भाचीनं कात्री उचलून तिच्या हातात ठेवली आणि विचारलं, कधीपासून?

दोन वर्षं झाली होती. मध्ये काळोख, कडेनं थोडं दिसायचं. अजून दिसत होतं तेवढ्यात आत्यानं कानस घेतली आणि सुईच्या उजवीकडच्या पत्रीवर पाव-पाव इंचाला बारीक खाचा पाडल्या. सुई वर आली की कळावं म्हणून चाकावरही एक पाडली. मग राहिलेल्या नजरेनं पडताळून पडताळून सगळं नखाला शिकवलं. कापडाची कड नखाखालून सरकवायची, की शिवण सरळ.

"मला सांगायचं तरी."

"तू सगळं विचारलंस. किती तास शिवतेस, आवाज होतो का, पाय भरून येतात का. दिसतं का, एवढंच राहिलं. आणि सांगितलं असतं तर तू माझं शिवणच बंद केलं असतंस."

ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

ती तडक कारखान्यात गेली. मिस्त्रीनं नोंदवही काढून आत्याच्या मशीनचा नंबर शोधला. मशीन तयार होऊन फळीवर बसलं होतं, आरशासारखं लख्ख. पत्री नवी घातली होती, जुनी वितळवायला गेली होती. चाकावरची खाच भरून टाकली होती.

"इतक्या सारख्या खाचा होत्या की माझाही हात थांबला," मिस्त्री म्हणाला. "पण नियम तुमचाच."

नियम भिंतीवर होता, खाली तिची सही. आधीच्या वापराची एकही खूण राहता कामा नये. पुढच्या गिऱ्हाइकाला उष्टं वाटू नये, म्हणून तिनं किती विचार करून ते वाक्य लिहिलं होतं. असं काही ना काही प्रत्येक मशीनवर असतंच, मिस्त्री सांगत होता. कुणी रंगाचा ठिपका देतं, कुणी दोरा बांधतं. आम्ही सगळं साफ करतो. तिला तिथं उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी ती ते मशीन घेऊन आत्याकडे आली. आत्यानं दोन्ही हात त्यावर फिरवले आणि विचारलं, "हे कोणाचं आणलंस?"

"तुझंच आहे."

आत्याचं नख सुईच्या उजवीकडे गेलं, पुढं-मागं सरकलं आणि थांबलं. भाचीनं घाईघाईनं पिशवीतून कानस आणि पट्टी काढली. स्वतःचा नियम मोडून दुपारभर तिनं खाचा पाडल्या. आत्यानं तपासल्या. तिसरी केसभर पुढे होती, बाकीच्या बऱ्या होत्या. मग आत्या शिवायला बसली. नख घसरत होतं, कापड पळत होतं. चार वेळा तिनं टीप उसवली.

"तेव्हा चुकलं तर दिसायचं गं," ती म्हणाली. "आता कशावरून शिकू?"

तिनं कोट उलगडला, नीट घडी घातली, न शिवलेली बाही वर ठेवली आणि भाचीच्या हातात दिला. गिऱ्हाइकाला परत देऊन ये, म्हणाली. चाळीस वर्षांत आत्यानं कुणाचं कापड अर्ध्यावर परत केलं नव्हतं.

"कारण विचारलं तर काय सांगू?"

"तुझ्या कागदावर आहे ना," आत्या म्हणाली. "भावनिक म्हणून सांग."