दिवाणखान्यातला ऑपेरा

तिकीट तपासनीस म्हणून चौतीस वर्षं काढलेल्या या गृहस्थांना कचेरीत सगळे ‘भिंग’ म्हणत. निवृत्तीनंतर ते बायकोला घेऊन परदेश बघायला निघाले, पण त्यांची नजर काही निवृत्त झाली नव्हती.

हॉटेलातल्या बाईने सुचवलं, की जवळच एका घरात दुपारी ऑपेरा असतो, म्हणजे सबंध गाऊन केलेलं नाटक. बायको हरखली. भिंगांच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

“नाटक घरात कशाला? थिएटरं ओस पडलीत का?”

“अहो, चला तरी!”

दारातच कोट आणि मोबाइल काढून घेतले. मागून कडी लागली. दिवाणखान्यात पंचवीसेक खुर्च्या, एक पियानो आणि जाड पडदे. भिंगांनी बाहेर पडायच्या वाटा हेरून ठेवल्या: दोन. पुढच्या रांगेतला टकलू सारखा मागे वळून बघत होता. नक्कीच यांचा माणूस.

गाणारी बाई आली आणि हातभर अंतरावर उभी राहून गाऊ लागली. आवाज चढला, की ती कुशीला हात लावायची. खूण! पण कोणाला? भिंगांनी टकलूवर डोळा ठेवला, मग दारावर.

मध्यंतरात त्यांनी वळून बघितलं, तर शेजारची खुर्ची रिकामी.

ते ताडकन उठले. घरमालकिणीला विचारलं, तर तिने हसून पडद्यामागे बोट दाखवलं. ते हसणंच त्यांना खटकलं. पडद्यामागे एक दार होतं, तेही बंद. त्यांनी ठोठावलं नाही, सरळ ढकललं.

आत गाणारी बाई पाठमोरी उभी होती आणि तिच्या झग्याची कुशीची शिवण उसवलेली होती. बायको गुडघ्यांवर बसून तोंडात टाचण्या धरून टाके घालत होती.

“आधी बाहेर व्हा!” टाचण्यांमधूनच ती ओरडली.

दहा मिनिटांनी ती आली. भिंग पडद्याशी कानकोंडे होऊन उभे होते.

“सांगून तरी जायचंस!”

“कोणाला? तुम्ही दाराची राखण करत होतात. झगा काचत होता तिला, श्वास पुरत नव्हता. खुणेनेच विचारलं आणि दोन बोटं सैल करून दिला. उभा जन्म ब्लाउज शिवले मी, एवढं कळणार नाही?” मग ती हळू आवाजात म्हणाली, “मला यायला जरा उशीर झाला, की घरीही तुमचं हेच. कुठे होतीस, कोण होतं बरोबर. कंटाळा येतो हो.”

भिंगांनी तिची खुर्ची पुढे ओढून दिली.

उत्तरार्धात त्या बाईने असा सूर लावला, की खिडकीची काच थरथरली. शब्द एकही कळत नव्हता, पण कोणाची तरी मनापासून माफी मागितली जातेय, असं भिंगांना वाटलं. टकलू डोळे पुसत होता. बायको मान डोलावत होती, आणि आपण तिच्याकडेच बघत बसलोय हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं.

निघताना गाणारीने बायकोला मिठी मारून कानात काहीतरी सांगितलं. काय, हा प्रश्न भिंगांच्या अगदी ओठांवर आला. कोटाची बटणं लावता लावता त्यांनी तो गिळला.

रस्त्यावर उन्हं अजून होती.

“उद्याही आहे म्हणे,” ते म्हणाले. “जायचं?”

बायकोने त्यांना नखशिखांत न्याहाळलं. “का? आता कोणावर संशय आलाय?”

“कोणावर नाही. आज पहिला निम्मा भाग ऐकलाच नाही मी.”