बुधवारच्या गटाचा चेंडू

मी लोकरीचा चेंडू बोलतोय. मी उसळत नाही, टप्पा खात नाही. म्हणून कुणी मला चेंडू मानणार नसेल, तर न मानो! माझं काही अडत नाही.

एका शाळेतल्या समुपदेशक ताईच्या सासूबाईंनी जुना स्वेटर उसवून मला गुंडाळलं. "घट्टच गुंडाळते गं, तुझी कार्टी ओढाताण करणार," असं त्या म्हणाल्या, आणि तसंच झालं.

दर बुधवारी मधल्या सुट्टीनंतर, खेळाच्या सामानाच्या खोलीत, दुसरीतली सहा मुलं ताईभोवती गोल करून बसायची. कुणाला मैत्री करता येत नव्हती, कुणाला हरणं सोसत नव्हतं. मी ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, एवढंच ताईचं म्हणणं.

त्यातल्या एकाला सगळे भोंगा म्हणत. पहिल्याच दिवशी त्यानं मला पोटाशी आवळलं ते तास संपेपर्यंत. दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालायची त्याची खोड मोडता मोडता सहामाही आली. जिला सगळे चिमणी म्हणत, तिचं उलट. ती मला मांडीत घेऊन नुसती कुरवाळायची आणि मुकाट्यानं पुढे द्यायची. ताईनं तिला कधी "बोल ना गं" म्हटलं नाही. ताई थांबायची.

एका बुधवारी चिमणीनं मला पुढे दिलंच नाही. तिचे ओठ हलले. "आमची मांजर..." ती म्हणाली, आणि धाडकन दार उघडलं.

दारात मुख्याध्यापिका. "गणितात ही मुलं कच्ची, आणि इथे चेंडू खेळताय? पुढच्या बुधवारपासून या वेळात गणिताचा जादा तास!" त्यांनी मला चिमणीच्या हातातून काढून घेतलं आणि आपल्या टेबलाच्या खणात कोंबलं.

माझा नुसता संताप झाला. पण लोकरीच्या गोळ्याचं कोण ऐकतो?

दुसऱ्या दिवशी चिमणी आणि भोंगा ऑफिसात आले. "काय रे?" बाईंनी भोंग्यालाच विचारलं. चिमणी बोलेल असं कुणाला वाटणार? भोंग्यानं तोंड उघडलं. मग मिटलं, आणि चिमणीकडे बघत उभा राहिला. अर्धवट उघड्या खणातून मी पाहिलं ते. मला त्याचा इतका अभिमान वाटला!

"बाई, आमचा चेंडू द्या," चिमणी म्हणाली. ती जागची हलली नाही. "मी बोलत होते. तुम्ही मध्येच बोललात."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "बरं, काय सांगत होतीस?"

"ते मी गटात सांगणार."

बाईंनी खण उघडला.

गट वाचला, ती वेळ आणि खोली मात्र गणितानं घेतली. आता आम्ही मधल्या सुट्टीतच जिन्याच्या वळणावर बसतो. येणारेजाणारे कुरकुरतात, कुरकुरू देत. मांजरीची गोष्ट तिथेच झाली. तिच्यात विशेष काही नव्हतं, मांजर कपाटात अडकली आणि सुटली, बस्स! भोंग्यानं ती शेवटपर्यंत ऐकली.

हल्ली माझी लोकर सुटतेय. शिपाईमामा म्हणतात, "ताई, नवा आणा की." खुशाल आणा, पण मला कचऱ्यात टाकायचा विचारही करू नका. दोन टाके घाला, मी अजून दमलेलो नाही. गटात एक नवी पोरगी आलीय, भिंतीकडे तोंड करून बसते. ती वळून माझ्यासाठी हात पुढे करेपर्यंत मी इथून हलत नाही.