गोधडीचा हात

"आवळलास ना पुन्हा!" अमीनाबी भरतकामाच्या चौकटीवर वाकून म्हणाली. ताणलेल्या मखमलीवर जरीची तार सुरकुतली होती. "बायना, ही गोधडी न्हाई. तार कापडाच्या पोटात घालायची न्हाई. वर नुसती निजवायची आन् बारीक रेशमानं हलकं धरायची."

"माजा हातच तसला हाय, खाला."

"धारूरच्या समद्याच बाया गोधड्या शिवतेत. शिकल्या की त्यांचा हात मऊ होतो. तुजाच कावून होत न्हाई?"

अमीनाबीनं रेशीम कापून तार मोकळी केली.

नवऱ्यानं नांदवलं नाही म्हणून बायना भावाकडे परत आली होती. घरात भाकरी मिळे, पण तिच्याशी बोलायला कुणाला सवड नसे. दुपारी गल्ली ओलांडून अमीनाबीकडे आली की मग तिचा दिवस सुरू होई.

जागीरदाराच्या घोड्याची झूल अमीनाबीनं भरायला घेतली होती, पण तिची नजर अधू झाली होती. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "तुजा हात बसला की झूल तुज्या हवाली करते आन् मी हैदराबादेला लेकाकडं जाते."

बायनाचा हात केव्हाच बसला होता. घरी जुन्या चोळीच्या तुकड्यावर ती तार सरळ निजवी, डोळे भरून बघे आणि कुणी पाहण्याआधी उसवून टाकी. दुपारी इथं येऊन मात्र टाका आवळी.

एके दिवशी अमीनाबी मांडीवर एक चिमुकली टोपी घेऊन बसली होती.

"नातवासाठी भरली होती. आता चालाय लागलाय म्हणं." ती हसली. "आता त्याच्या गुडघ्याला बसंल ही."

बायनानं सुई उचलली. वेलीच्या रेषेवर तार ठेवली. पानाच्या टोकाशी वळवली, कुठेही ओढली नाही. अमीनाबीनं त्यावरून अंगठा फिरवला. खूप वेळ फिरवला.

"कवापासून जमतंय?"

"लई दिवस झाले."

"ठाऊक होतं मला. खरंच चुकणारा माणूस कुटंबी चुकतो गं. तुजं चुकणं सारख्या अंतरावर असायचं."

बायनाची मान खाली गेली. "मग तुमी बोलला न्हाईत कावून?"

अमीनाबीनं टोपीची घडी केली, पुन्हा उलगडली.

"लेकाकडं तर जायचंच होतं. पर मलाबी दुपारचं कुनी लागायचंच की."

आठवड्याच्या बाजारादिवशी अमीनाबी बैलगाडीत बसून गेली. चौकट बायनाच्या भावाच्या ओसरीवर आली.

दुपारी बायना एकटीच भरत बसली. एक फूल पुरं झालं, तशी ती सवयीनं जरा बाजूला सरकली, समोरच्याला नीट दिसावं म्हणून. समोर रिकामी ओसरी होती. मग पुढे सरून तिनं मखमलीवर दुसरी तार ठेवली.