मेजर स्वतःचाच बाप झाला तो गुरुवार

म्हसवडच्या आमच्या मेंढपाळ सोसायटीत एका गुरुवारी दोन हजार तीनशे चाळीस मेंढरांचा बाप एकच झाला. हे पाप माझं. आधीच सांगून टाकतो, मागाहून तुम्ही मला पकडलंत असं नको.

मी नाथाजी, सोसायटीचा वॉचमन. मेंढरांच्या वंशावळीचा कॉम्प्युटर राणी सांभाळते, वाईची मुलगी. ती चहाला गेली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. चेअरमन लालासाहेबांच्या ‘मेजर’ नावाच्या मेंढ्याचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले होते. म्हटलं, करू थोडी गंमत. राणीच्या खुर्चीत बसलो आणि एका कोकराच्या बापाच्या रकान्यात ‘मेजर’ लिहिलं. मशीननं विचारलं, सगळ्यांना लागू करायचं का? इतक्या अदबीनं मला घरातसुद्धा कुणी विचारत नाही. दाबलं ‘होय’. मेजर तर स्वतःचाच बाप होऊन बसला.

सोमवारी अकराला भामाबाई काजळ्याला घेऊन आली. काजळ्या तिचा मेंढा, लग्नातल्या मामासारखा नाक वर करून चालणारा. त्याच दिवशी आटपाडीला पैदाशीच्या नराची निवड होती, दुपारी एकला नोंदणी बंद. निवडला गेला तर पाच गावांच्या कळपांत मान. नाही तर तिचा पोरगा मानसिंग त्याला लोणंदच्या बाजारात नेणार. तिथून मेंढा माघारी येत नाही.

राणीनं दाखला काढला. काजळ्याचा बाप मेजर, आईचा बाप मेजर, आज्जीचा बाप मेजर.

“ह्या कागदावर माझ्या काजळ्याला दारात बी उभं करनार न्हाईत,” भामाबाई म्हणाली.

“थांबा मावशी. हा डबा दर तासाला स्नॅपशॉट घेतो. म्हणजे त्या घटकेचा फोटोच म्हणा. मागं जाता येतं.” राणी मागं जायला गेली आणि डब्यानं नकार दिला. जागा शिल्लक नाही. पंखा असा घोंगावायला लागला की दारातल्या काजळ्याची लोकर एका अंगाला झुकली.

“एवढं काय खाल्लं गं त्यानं?” मी विचारलं.

“मेजरच्या गोठ्यातला कॅमेरा, आबा. रातंदिस त्याचं चित्रीकरण इथंच येऊन पडतं.” तिनं सगळं चित्रीकरण पुसलं. डबा भरलेला तो भरलेलाच. राणीनं कपाळावर हात मारला. “जुन्या स्नॅपशॉटांनी धरून ठेवलंय. बदललेलं, पुसलेलं ते जपून ठेवतात ना. मेजरनं सहा महिन्यांत जेवढ्यांदा शेपूट हलवलं तेवढं सगळं आत आहे. आणि लालासाहेबांचा हुकूम, एकही स्नॅपशॉट पुसायचा नाही.”

“कितीएक हायत?” भामाबाईनं विचारलं.

“चार हजारांवर.”

भामाबाईनं हातातलं लोकरीचं सूत पुढं धरलं. चालता चालता कातायची तिची सवय. “ह्ये बग पोरी. कळपात कायतर बदललं तर मी गाठ मारती. न्हाई बदललं तर कशापायी मारू? अमावशेला समदी मेंढरं मोजती, एक मोटी गाठ मारती, आन् मागल्या बारक्या सोडती. न्हाईतर माझ्या सुताचं नुसतं गाठोडं हुईल.”

राणीनं खुर्ची मशीनकडं वळवली. म्हणाली, “रोज रात्री बाराचा एकेक ठेवते. मधले तासांचे सगळे पुसते.”

माझ्या जिवाला गारवा वाटला. तास गेले म्हणजे तीनचा तासही गेला, नाथाजी सुटला! “पूस गं पोरी, पूस. लालासाहेबांना मी बगतो.”

“माझ्या जुळ्या कोकरांची नोंद तेवढी ऱ्हाऊ दे,” भामाबाई म्हणाली. “काजळ्याची दोन पिल्लं नोंदलेली लागत्यात. पिल्लं नोंदायच्या शेवटच्या दिवशी, गुरुवारी सकाळी आले हुते बग मी.”

गारवा गेला. बुधवारी रात्री बाराच्या स्नॅपशॉटात जुळं नाही. गुरुवारी रात्री बाराला सगळीकडे मेजर. धड स्नॅपशॉट फक्त गुरुवारच्या दिवसातला, आणि राणीचं बोट बटणावर. मी उठलो, दारापर्यंत गेलो, माघारी आलो, पुन्हा दारापर्यंत गेलो. काजळ्या माझ्याकडं बघत होता. मेंढ्याच्या नजरेत एवढी ओळख असते हे मला साठ वर्षांत कळलं नव्हतं.

“थांब!” मी ओरडलो. “गुरुवारचे ठेव. तीनच्या आदला माघारी आण.”

राणी वळली. “तुम्हाला कसं ठाऊक?”

“स्वप्नात आलं.”

भामाबाईनं सूत सरकवलं आणि अंगठा एका गाठीवर टेकवला. “ही गुरुवारची. तिसऱ्या पारी हितनं मेंढरं घिऊन चालले हुते. खिडकीतनं बगितलं, नाथाजी झोपल्याला न्हाई, तुज्या खुर्चीत जागा हाय. एवढा बदल झाला, म्हनून गाठ मारली. काय रं, कसलं स्वप्न?”

मग मी सगळं सांगितलं. राणीनं मला खुर्चीपासून चार हात लांब उभं केलं, गुरुवारचे सोडून बाकीचे तास पुसले आणि दोन वाजताचा स्नॅपशॉट माघारी आणला. मेजरला त्याचा बाप परत मिळाला, काजळ्याला त्याची जुळी. कागद निघाला तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. शिक्षा म्हणून जीपमध्ये मागं काजळ्याला धरून मी बसलो. जीप अशी सुटली की आमच्या सावल्या दिघंचीत मागं राहिल्या, संध्याकाळी एसटीनं आल्या. एक वाजायला दोन मिनिटं कमी असताना कागद टेबलावर पडला. काजळ्या निवडला गेला.

आता भिंतीवर राणीचा नियम चिकटवलाय: तासाचे एक दिवस ठेवायचे, रोजचे एक आठवडा, आठवड्याचे दोन महिने. मेजरच्या शेपटीला वेगळा डबा. खुर्चीला पासवर्ड.

अमावस्येला भामाबाईनं बारक्या गाठी सोडल्या. माझी राहिली.

“आवं बाई, ती सोडा की!”

“ऱ्हाऊ दे. तू हायस तंवर लागंल कवातरी.”

तिची मेंढरं सोसायटीवरून गेली की अजून मी खिडकीतून तिच्या अंगठ्याकडं बघतो.